रात्रपाळी सुटल्यावरची झोप

३ फेब्रुवारी, सोम.

आजपासून जनरल शिफ्ट. सकाळी मोहन्याच्या पंपहाउसवर स्कूटर लावली तर गेटवरच्या नव्या वॉचमनने विचारलं, "कोणाला भेटायचंय?" त्याची चूक नाही. दिवसाउजेडी मला तिथे कोणी पाहिलेलंच नाही.

सव्वीस वर्षं रात्रपाळी, सुट्टीच्या रात्रीही बहुधा ओव्हरटाइम. नदीचं पाणी उचलणारे पंप चालू ठेवायचे, प्रेशर बघायचं, तासातासाला लॉगबुकात आकडे टाकायचे. मागच्या महिन्यात तपासणीत बीपी वर निघालं, साखर काठावर. कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं, रात्रपाळी बंद. मी काही मागायला गेलेलो नव्हतो.

लॉगबुक आता दुसरा कोणी लिहितो. हाताला सवय आहे, म्हणून ही वही.

५ फेब्रु., बुध.

झोप नाही. नुसता पडून. रात्री घर इतकं गप्प असतं हे माहीत नव्हतं. पंप घुमत असायचे तेव्हा डोकं शांत असायचं.

उलट दुपारी डबा खाल्ला की डोळे मिटतात. साहेब बोलत होते आणि मी मान हलवत होतो, काय बोलले ते आठवत नाही.

सुनंदा म्हणते, "लागेल सवय. दोनचार दिवस." सुनंदा म्हणजे बायको. वहीत सु. लिहीन.

९ फेब्रु., रवि.

मुलगी आली. ऋतुजा. घोडबंदर रोडला नोकरी, तिथेच मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. कल्याणहून रोज करायचं म्हटलं तर निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये जाईल म्हणते, ते खरंच आहे.

जेवताना माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, "बाबा, रविवारी दुपारी तुम्ही जागे आहात, मला विचित्रच वाटतंय." लहानपणी दुपारी तिला शेजारच्या काकूंकडे पाठवायचे. बाबा झोपलेत, आवाज नको. शाळेत 'माझे बाबा' निबंधात तिने पहिलं वाक्य लिहिलेलं, माझे बाबा झोपतात. आज तिनेच सांगितलं. मला हे ठाऊक नव्हतं. सु.ला होतं.

झोपेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत असं दोघींनी ठरवलं. जुन्या कल्याणात देवस्थळी बाई म्हणून वैद्य आहेत. सु.ची कंबर त्यांनी बरी केलेली. मंगळवारी जायचं.

११ फेब्रु., मंगळ.

देवस्थळी बाई सत्तरीच्या आसपास. हळू बोलतात, मध्ये तोडू देत नाहीत. नाडी बघितली, जीभ बघितली, हातापायांची कातडी चिमटीत धरून बघितली.

"रात्रपाळी करून घरी आल्यावर काय करत होतात?"

सांगितलं. नाश्ता, अंघोळ, पेपर, मग जेवण, मग झोप, ती संध्याकाळपर्यंत.

"म्हणजे पोटभर जेवून, दिवसा, आडवे. वर्षानुवर्षं."

होय म्हटलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात, विसरू नये म्हणून: शरीर तीन खांबांवर उभं. अन्न, झोप, संयम. रात्री जागलं की अंग कोरडं पडतं, वात वाढतो. दिवसा झोपलं की जडपणा येतो, कफ वाढतो. माझ्याकडे दोन्ही. रात्री कोरडा, दिवसा जड. ज्याला रात्री जागावंच लागतं त्याने सकाळी, काही खायच्या आधी, जागला त्याच्या निम्मा वेळ झोपावं असं आहे. हे सव्वीस वर्षांपूर्वी कळतं तर. असो.

"रात्रीची झोप आपोआप येणारी. तिला आपल्याकडे दाईसारखी मानलीय, सगळ्या जिवांना पोसते म्हणून. तुम्ही त्या दाईला रोज दारातून परत पाठवत होतात. आता हाक मारली की लगेच येईल असं समजू नका."

करायचं ते: संध्याकाळी लवकर जेवण. तळपायांना आणि टाळूला तिळाचं तेल. झोपताना म्हशीचं कोमट दूध, पण कपभरच, आणि साखर न घालता, कारण माझी साखर काठावर. दुपारी आडवं व्हायचं नाही. बीपीची गोळी चालू ठेवायची, त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

विचारलं, दुपारी ऑफिसात डुलकी लागते तिचं काय? पहिल्यांदाच हसल्या. "खुर्चीत बसल्या बसल्या लागते ना? ती चालते. ती कोरडंही करत नाही, जडही करत नाही."

साहेबांना हे सांगता येणार नाही.

१५ फेब्रु., शनि.

तेल लावतो. चादरीला डाग पडले. सु.ने जुनी चादर काढून घातली.

झोप तुकड्यातुकड्यांनी. पहाटे चांगली लागते तेव्हा उठायची वेळ.

२२ फेब्रु., शनि.

माझ्या जागी रात्रपाळीला भोईरला टाकलंय. भोईर कोनगावचा, इथला मूळचा. शेती होती, जमिनी गेल्या, त्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. दोन दुकानांचं भाडं येतं. नोकरीची गरज नाही, तरी सोडत नाही. आज सकाळी तो सुटला आणि मी आत आलो. डोळे लाल.

"काय रं परकास, दिसाचा मानूस झालास."

म्हटलं, तू रातीचा झालास.

"मना नाय जमत. घरा जाऊन झोपाया गेलू क नातू आंगाव उऱ्या मारतं. त्याला कसा सांगू?"

त्याला निम्म्या वेळाचं, रिकाम्या पोटाचं सांगितलं. म्हणाला, रिकाम्या पोटी त्याच्या घरात कोणी कोणाला झोपू देत नाही.

२ मार्च, रवि.

बाईंकडे दुसऱ्यांदा. रविवारी सकाळी उघडं असतं. झोपेत थोडा फरक, बद्धकोष्ठ सुटलं, सकाळी बोटं आखडायची ती कमी. बाईंनी मान डोलावली. मग झोप न लागायची कारणं एकेक करत विचारली. काळजी? नाही. राग? नाही. भीती? नाही. उपास? नाही. बिछाना सुखाचा आहे का?

आहे म्हटलं.

"कोणाचा आहे?"

मला प्रश्न कळला नाही. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं त्यावर रात्री कोण झोपत होतं?"

सु.

"त्यांची झोप कशी आहे सध्या?"

माहीत नव्हतं. तसं सांगितलं. बाईंनी काही लिहिलं नाही, पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

घरी आल्यावर सु.ला विचारलं. "बरी आहे की," म्हणाली आणि मशीनवर बसली. ती ब्लाउज शिवते, घरातच. लग्नसराई आहे, कापडांचे गठ्ठे पडलेत. डोळ्यांखाली काळं आहे. कधीपासून आहे ते सांगता येणार नाही.

६ मार्च, गुरु.

ऑफिसात असताना शेजारच्या काकूंचा फोन. शिवता शिवता सु.चा डोळा लागला. मशीन मोटरची, पाय पॅडलवर तसाच. सुई तर्जनीतून आरपार, टोक आत मोडलं.

मी दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टरने टोक काढून पट्टी बांधलेली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं. सु. बाकावर शांत बसलेली. पदरावर रक्ताचे डाग. पहिलं वाक्य, "कुलकर्ण्यांच्या सुनेचं ब्लाउज खराब झालं."

रिक्षात विचारलं, झोप लागत नाही का रात्री?

"नाही."

कधीपासून?

"तुम्ही घरी झोपायला लागल्यापासून."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. 

८ मार्च, शनि.

काल-आज सु.ला काम नाही. बोट वर धरून बसायला सांगितलंय. दुपारी मी हाफ डे घेऊन घरी. चहा केला. साखर जास्त झाली.

मग ती बोलली. राग नव्हता. भाजी कशी करायची ते सांगावं तसं सांगत होती.

"तुम्ही कूस बदलता. मग मी वाट बघत राहते, परत कधी बदलाल."

आणि, "लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोनतीन वर्षं रात्री डोळ्याला डोळा नव्हता. दाराला कडी घालून वर टेबल लावायचे. बाहेर जिन्यात कोणी चाललं तरी उठून बसायचे. ऋतुजा पोटात असताना तर… मग हळूहळू सवय झाली. नंतर नंतर आवडायला लागलं. खिडकी उघडी, रेडिओ बारीक, पलंगावर हवं तसं आडवंतिडवं. कोणाला विचारायला नको."

मी म्हटलं, सांगितलं का नाहीस.

"कधी सांगणार? तुम्ही उठायचात तेव्हा डबा भरायची वेळ असायची."

महिनाभर रेडिओ लागलेला नाही, हे तेव्हा लक्षात आलं. खिडकीही बंद असते, मला गार वारा सोसत नाही म्हणून.

टेबल कुठलं ते विचारायचं राहिलं. आता घरात टेबल नाही.

९ मार्च, रवि.

दोघं बाईंकडे. त्यांनी सु.ची नाडी बराच वेळ धरली. मला बाहेर बसायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते सु.ने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाहेर एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून घोरत होते. कोरडं नाही, जड नाही.

निघताना बाई दोघांना मिळून म्हणाल्या, "दोन माणसांना एका पलंगावर झोप यायलाच हवी असं कुठे लिहिलेलं नाही. झोप यायला हवी, एवढं लिहिलंय."

मी हॉलमध्ये गादी टाकली. जुना टेबलफॅन माळ्यावरून काढला. त्याचं बेअरिंग गेलंय, घुमतो. बंद करावासा वाटला नाही.

सु. म्हणाली, "ऋतुजाला सांगू नका."

१० मार्च, सोम.

झोपलो. मध्ये एकदा जाग, बस्स. खोलीतून रेडिओ ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते.

सु. माझ्यानंतर उठली. हे आजवर झालेलं नाही. चहा मी केला, साखर बरोबर.

१४ मार्च, शुक्र. धुळवड

ऋ. आली, केस रंगलेले. गादी बघितली. लपवायची राहिली.

"याला स्लीप डिव्होर्स म्हणतात बाबा. आमच्या ऑफिसात पण लोक करतात."

सु. म्हणाली, "सणाच्या दिवशी तो शब्द नको."

ऋ. हसली, पण नंतर स्वयंपाकघरात आईला हळूच काही विचारत होती. सु.चं उत्तर तेवढं ऐकू आलं. "नाही गं. भांडण कशाला होईल? भांडायला दोघं एका वेळी जागे लागतात."

१९ मार्च, बुध.

सु.ची पट्टी अजून आहे, तेल लावायला हात चालत नाही. बाईंनी तिलाही पायाला तेल सांगितलंय. संध्याकाळी जेवण झाल्यावर मी वाटी घेऊन बसलो.

"अहो, पायाला काय हात लावता. पाप लागेल मला."

म्हटलं, औषध आहे.

पाय मागे घेतला, मग दिला. टाचांना भेगा, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली घट्टा, पॅडलचा. हे पाय मी नीट बघितलेले नव्हते. मी घरात असायचो तेव्हा ते चालत असायचे किंवा मी झोपलेलो असायचो.

थोड्या वेळाने तिने डोळे मिटले. मी चोळत राहिलो. वाटीतलं तेल संपलं. मग उठून आत गेली. मी हात धुतले, हॉलमध्ये आलो.

२० मार्च, गुरु.

आज तिनेच वाटी आणून ठेवली.

३० मार्च, रवि. पाडवा

गुढी. श्रीखंड बाईंच्या हिशेबात बसत नाही, साखर आणि कफ दोन्ही. चमचाभर खाल्लं. सु.चं बोट बरं झालं, पण टोक बधिर आहे. सुईत दोरा ओवताना चुकते. म्हणाली, "होईल."

रात्रीची झोप आता बरी. तिचीही. सकाळी एकमेकांना विचारतो, कशी लागली? लग्नानंतर आम्ही एकमेकांना फक्त एकमेकांबद्दलचा असा प्रश्न रोज विचारलाय, असं आठवत नाही.

१० एप्रिल, गुरु.

कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी. बीपी आवाक्यात, साखर खाली आली. गोळी चालूच, डोस तोच.

साहेबांनी बोलावलं. भोईर रात्रपाळीला नको म्हणतोय. त्याचा बापूस आजारी, वर नातू. दुसरा माणूस नवा आहे, पंप ट्रिप होऊन बंद पडला की घाबरतो. "तुमचे रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर हो म्हणत असतील आणि तुमची तयारी असेल तर मेच्या मध्यापासून परत रात्र घ्या. जबरदस्ती नाही. मला पाच मेला सांगा."

डॉक्टर म्हणाला, तुमची मर्जी असेल तर सही करतो, दर महिन्याला तपासू.

मी लगेच नाही म्हणालो नाही. हे माझं मलाच नंतर लक्षात आलं, स्कूटर सुरू करताना.

१३ एप्रिल, रवि.

रात्रपाळीचं मला काय आवडायचं, ते लिहून बघतो. फोन नाही. साहेब नाही. नदीवरून येणारा वारा. पलीकडे बंद पडलेल्या रेयॉनच्या कारखान्याची चिमणी, चांदणं असलं की दिसायची. पंपाच्या आवाजात थोडा जरी फरक पडला तर आकडा बघायच्या आधी मला कळायचा. दिवसा मी कारकून आहे. तीनजण त्याच कागदावर सह्या करतात.

२० एप्रिल, रवि.

बाईंना सांगितलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. तीन खांबांतला एक आत्ता कुठे सरळ झालाय, त्याला परत धक्का देऊ नका. "तुमचं शरीर आता तिशीतलं नाही."

मग म्हणाल्या, "तुम्हाला जागायचं आहे, की तिथे जायचं आहे?"

मी उन्हाचा विषय काढला. त्यांनीही ताणलं नाही. उकाडा फार आहे, घामाने दोघं बेजार होतो म्हटल्यावर म्हणाल्या, उन्हाळ्यात रात्र लहान असते, अंगातली ओल आटते. या दिवसांत दुपारी थोडं आडवं झालात तर चालेल. बाकीच्या ऋतूंत नाही.

सु. आज बरोबर नव्हती. तिला साहेबांचं अजून सांगितलेलं नाही.

२६ एप्रिल, शनि.

भोईर गेटवर भेटला. "घेतंस क नाय रात?"

म्हटलं, ठरलं नाही.

"बायकोला इचारलास?"

नाही म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, तंबाखू मळत राहिला. "मंग कोनाला इचारतंस?"

२९ एप्रिल, मंगळ.

सु.ला सांगायला गेलो तर गिऱ्हाईक आलेलं. मग ती झोपायला गेली. दार लोटलं, रेडिओ लागला.

परत रात्रपाळी घेतली तर पलंग तिचा, खिडकी तिची, गादी परत माळ्यावर. तिला हेच हवं असेल. मी विचारलं तर ती 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणेल. तसं म्हणाली तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते कळत नाही.

४ मे, रवि.

दुपारी कडक ऊन. लाइट गेलेले. हॉलची लादी त्यातल्या त्यात गार, म्हणून मी गादी बाजूला करून खालीच चटई टाकली. सु. मशीनवरून उठून आली, घाम पुसला. "आत भट्टी झालीय," म्हणाली आणि चटईच्या उरलेल्या बाजूला पडली. डोक्याखाली हात.

फॅन बंद. खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

सगळं सांगितलं. साहेब, डॉक्टरची सही, भोईर, बाई काय म्हणाल्या ते. ती ऐकत होती, छताकडे बघत. शेवटी विचारलं, "घेऊ का परत रात्र?"



"तुम्हाला तिथे बरं वाटतं ना?"

वाटतं म्हटलं.

"मला पण बरंच वाटायचं एकटीला, खोटं कशाला बोलू. पण आता सकाळी…" थांबली. "थांबा, सांगते."

मी थांबलो. तिचा श्वास लांब होत गेला. बघितलं तर झोपलेली. तोंड किंचित उघडं, बधिर बोटाचा हात माझ्या शर्टाच्या बाहीवर.

हलता येईना. कूस बदलायची नाही असं ठरवून पडून राहिलो. कधी माझाही डोळा लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा लाइट आलेले, ऊन उतरलेलं. सु. अजून झोपलेलीच. उठवलं नाही.

उद्या पाच तारीख.